अर्ज ‘डिफर’ झाला? डिसेंबर ते मार्च काय करायचं

अमेरिकेतली बरीच नामवंत कॉलेजं आपल्या अर्ली अर्जांचे निकाल डिसेंबरच्या मध्यात, तिकडच्या संध्याकाळी सातच्या सुमारास जाहीर करतात. तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे फजरची वेळ. दोन वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या एका मुलीच्या वडिलांचा कुवेतहून फोन आला. तिकडे रात्रीचे तीन वाजले होते. पहिलाच प्रश्न: “सर, तिचं डिफर झालंय म्हणे. म्हणजे नापासच ना?”

आम्ही “नाही” म्हणालो खरे, पण पुढे काय करायचं हे तेव्हा आम्हालाही धड ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत बातमी नातेवाईकांत पोचली. फुफीने सल्ला दिला, “झालं ना एकदाचं? आता बीएस्सीला घाला आणि स्थळं बघायला लागा.” मुलीने लॅपटॉप कपाटात ठेवून दिला होता.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत त्या मुलीबरोबर आम्हीही शिकलो. आता आपल्या समाजातली मुलं-मुली दरवर्षी असे अर्ज भरू लागली आहेत. मुंबई, पुणे, भिवंडी, कोकणातून आणि आखातात वाढलेलीही. त्यांच्या घरात हा शब्द आला तर घाबरून न जाता काय करता येतं, ते इथे सांगतो.

डिफर म्हणजे नेमकं काय?

अमेरिकी कॉलेजात पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्ज करायच्या दोन मुख्य वेळा असतात. अर्ली अर्ज साधारण 1 किंवा 15 नोव्हेंबरपर्यंत, आणि नेहमीचा म्हणजे रेग्युलर अर्ज साधारण जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. अर्लीचा निकाल डिसेंबरच्या मध्यापासून येतो, रेग्युलरचा बहुतेक ठिकाणी मार्चअखेर. प्रवेश घेणार की नाही हे मुलाने सहसा 1 मेपर्यंत कळवायचं असतं.

अर्ली अर्जाचेही दोन प्रकार आहेत. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे बांधून घेणारा अर्ज. प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असं विद्यार्थी, पालक आणि शाळा तिघंही सही करून कबूल करतात. ‘अर्ली अ‍ॅक्शन’ बांधून घेत नाही. निकाल लवकर कळतो, निर्णय मात्र तुमच्या हातात राहतो.

अर्ली अर्जाचं उत्तर तीनपैकी एक येतं: होकार, नकार किंवा डिफर. डिफर म्हणजे तुमची फाइल बंद केलेली नाही, ती रेग्युलर अर्जांच्या ढिगात ठेवली आहे आणि मार्चमध्ये सगळ्यांबरोबर पुन्हा वाचली जाईल. ‘वेटलिस्ट’ वेगळी. ती रेग्युलर निकालानंतर लागते आणि जागा रिकामी झाली तरच हलते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ पालकांना माहीत नसते. अर्ली डिसिजनमध्ये अर्ज डिफर झाला की ते बंधन सुटतं. मुलगा किंवा मुलगी इतर कॉलेजांत मोकळेपणाने अर्ज करू शकते, आणि मार्चमध्ये त्या कॉलेजाने होकार दिला तरी तिथे जाण्याची सक्ती राहत नाही.

कॉलेज असं का करतं?

कारणं अनेक असतात. कधी बारावीचे गुण हातात नसतात आणि त्यांना ते बघायचे असतात. कधी अर्ज चांगला असतो, पण मार्चपर्यंत येणाऱ्या बाकीच्या अर्जांशी ताडून बघायचा असतो. कधी प्रश्न पैशाचा असतो. परदेशी विद्यार्थ्यांना मदत देण्यासाठी ठेवलेला निधी मर्यादित असतो आणि तो डिसेंबरातच संपवायचा नसतो.

शिवाय प्रत्येक कॉलेजाची रीत वेगळी आहे. जॉर्जटाउन विद्यापीठ अर्लीमध्ये कोणाला थेट नकार देत नाही. ज्याला होकार नाही तो डिफर. एमआयटी अर्ली अर्जदारांपैकी अर्ध्याहून जास्त जणांना डिफर करते आणि त्यातल्या फार थोड्यांना पुढे घेते. म्हणून डिफरचं पत्र आलं की ‘जवळजवळ झालंच’ म्हणून मिठाई वाटायची नाही, आणि ‘संपलं’ म्हणून रडतही बसायचं नाही. फाइल पुन्हा वाचली जाणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्यांदा वाचताना त्यात नवं काही सापडलं तरच त्या वाचण्याचा उपयोग. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

सगळ्यात आधी ते पत्र नीट वाचा

निराशेत मुलं पहिली दोन वाक्यं वाचून पान बंद करतात. खाली सूचना असतात: नवीन माहिती घेतो की नाही, घेत असलो तर कुठे पाठवायची, कधीपर्यंत. काही कॉलेजं पोर्टलवर एक पत्र अपलोड करू देतात. काहींचा ठरलेला फॉर्म असतो. एमआयटीचा ‘फेब्रुवारी अपडेट्स अँड नोट्स’ फॉर्म तसाच आहे. काही स्पष्ट लिहितात की गुणांशिवाय काही पाठवू नका.

जिथे ‘पाठवू नका’ लिहिलंय तिथे पाठवू नका. आपल्याकडे वाटतं की जास्त कागद जोडले तर वजन वाढतं. तिकडे सूचना न पाळणारा विद्यार्थी अशीच नोंद होते.

सर्वात जड कागद: बारावीच्या मध्याचे गुण

डिफर झालेल्या विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये येणारी सर्वात महत्त्वाची नवी गोष्ट म्हणजे ‘मिड-इयर रिपोर्ट’, म्हणजे बारावीच्या पहिल्या सत्राचे आणि असतील तर प्रिलिमचे गुण. हा रिपोर्ट विद्यार्थ्याने नाही, शाळेने पाठवायचा असतो. कॉमन अ‍ॅपमध्ये ‘काउन्सेलर’ म्हणून ज्यांचं नाव दिलंय त्यांच्या खात्यातून तो जातो. मोठ्या इंटरनॅशनल शाळांत त्यासाठी स्वतंत्र माणूस असतो. आपल्या शाळांत ते काम प्राचार्यांवर किंवा एखाद्या शिक्षकावर येतं, आणि त्यांना बहुतेक वेळा ते माहीतच नसतं.

म्हणून पालकांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शाळेत जावं. हक्काने, पण नम्रपणे विचारावं: “सर, मिड-इयर रिपोर्ट कधी पाठवताय?” प्रगतिपुस्तक उर्दू किंवा मराठीत असेल तर शाळेच्या शिक्क्यासह इंग्रजी भाषांतर करून घ्यावं.

इथे आमच्या दोन सवयी आडव्या येतात. पहिली, अकरावीला ‘आरामाचं वर्ष’ मानणं. अमेरिकी कॉलेजं नववी ते बारावी अशी चारही वर्षं बघतात. अकरावीत घसरलेला आलेख बारावीच्या मध्यात वर जाताना दिसला तर डिफर झालेल्या मुलासाठी त्याहून चांगली बातमी नाही. दुसरी सवय, नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि बसायचं कोचिंग क्लासमध्ये. तिथे सत्रपरीक्षा नावापुरत्या होतात आणि पाठवायला खरे गुणच नसतात. परदेशी अर्जाचा विचार असेल तर हे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच ध्यानात ठेवायला हवं.

आमच्या त्या मुलीला पहिल्या सत्रात गणितात कमी गुण होते. प्रिलिमच्या तयारीसाठी तिच्याकडे महिनाभरही नव्हता. तिने तो वापरला. जानेवारीत आम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये गणिताची ओळ बदललेली होती.

एक पानी पत्र

नवीन माहिती घेणाऱ्या कॉलेजाला विद्यार्थ्याने एक पत्र लिहायचं असतं. ‘मला अजूनही तुमच्याकडे यायचं आहे’ असं सांगणारं हे पत्र. ते विद्यार्थ्याचंच हवं. अब्बांचं नको, मामूंचं नको, एजंटाचं नको आणि मोबाइलवरच्या एआयने लिहून दिलेलंही नको. एक पान पुरतं, तीनशे-चारशे शब्द. जानेवारीच्या मध्यापासून अखेरपर्यंत, नवे गुण हातात आल्यावर पाठवावं. एकदाच. दर आठवड्याला आठवण करून द्यायची नसते.

पत्रात चार गोष्टी असाव्यात.

एक, अजून इच्छा आहे हे साधेपणाने सांगणं. हे कॉलेज खरोखर पहिली पसंती असेल आणि प्रवेश मिळाल्यास नक्की जाणार असाल तरच तसं लिहा. तीन कॉलेजांना ‘तुम्हीच माझी पहिली पसंती’ लिहिणं म्हणजे खोटं बोलणं. ते पकडलं जाईल की नाही हा प्रश्नच नाही. आपण ते करायचं नाही.

दोन, नोव्हेंबरनंतर काय घडलं. नवे गुण, नवीन जबाबदारी, पूर्ण झालेलं काम, मिळालेलं बक्षीस. तारीख आणि आकडा असेल तर द्या.

तीन, त्या कॉलेजातली एखादी नेमकी गोष्ट, एखादा विषय किंवा प्रयोगशाळा, आणि तिचा तुमच्या कामाशी संबंध. ‘तुमचं जगप्रसिद्ध विद्यापीठ’ हे वाक्य कोणालाही पाठवता येतं, म्हणून ते कोणालाच पाठवू नका.

चार, पहिल्या अर्जात एखादी गोष्ट नीट समजावली गेली नसेल तर तिचा खुलासा. आजारपण, घरातली अडचण, शाळेत एखादा विषयच नसणं. तक्रारीचा सूर नको, दोन वाक्यं पुरतात.

आमच्या मुलीच्या पहिल्या अर्जात एक ओळ होती: ‘समाजसेवा, मोहल्ल्यातील मुलींना शिकवणे.’ वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? खरी हकीकत अशी होती. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेल्या मुली अकरावी सायन्सला आल्या की इंग्रजी शब्दांवर अडखळतात. ‘रफ्तार’ माहीत असते, ‘वेलॉसिटी’ म्हटलं की गप्प. ही स्वतः त्यातून गेलेली. तिने दोन मैत्रिणींना घेऊन फिजिक्स-केमिस्ट्रीच्या शब्दांची एक वही बनवली: इंग्रजी, उर्दू, मराठी आणि एका ओळीत अर्थ. असरनंतर एका घराच्या गच्चीवर ती वही घेऊन मुली बसत. नोव्हेंबरात अकरा मुली होत्या, जानेवारीत एकोणीस. वहीत चारशेच्या वर शब्द झाले होते आणि शेजारच्या शाळेच्या बाईंनी तिची झेरॉक्स मागितली होती.

हे सगळं ती ‘त्यात काय एवढं’ म्हणून लिहीत नव्हती. आपल्या मुलींना, मुलांनाही, स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई वाटते. घरचे संस्कारच तसे आहेत आणि ते चांगलेच आहेत. पण घडलेलं जसंच्या तसं सांगणं ही बढाई नाही. ती गवाही आहे. हे समजावल्यावर तिने पत्र लिहिलं. साडेतीनशे शब्द, त्यातले निम्मे त्या वहीबद्दल.

शिफारसपत्र: इथे चूक आमची होती

डिफरनंतर आम्ही आमचंच जुनं शिफारसपत्र काढून वाचलं. लिहिलं होतं: ‘विद्यार्थिनी हुशार, मेहनती, शिस्तप्रिय आणि आज्ञाधारक आहे. तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा.’ त्यात खोटं काही नव्हतं. पण हीच चार विशेषणं आम्ही गेली पंधरा वर्षं शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबतच्या प्रत्येक कागदावर लिहीत आलो आहोत. ते पत्र वाचून ती मुलगी कोणालाच दिसली नसती. ‘आज्ञाधारक’ हे आपल्याकडे कौतुक आहे. तिकडे वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, या मुलीचं स्वतःचं डोकं कुठे आहे?

त्या कॉलेजाने आणखी एक शिफारसपत्र घ्यायची तयारी दाखवली होती. केमिस्ट्रीच्या मॅडमनी ते लिहिलं. त्यात एकच प्रसंग होता: प्रयोगात उत्तर पुस्तकाप्रमाणे येईना, तेव्हा बाकीच्यांनी पुस्तकातलं उत्तर उतरवलं आणि हिने आलेलं चुकीचं वाचन तसंच लिहून खाली कारणं शोधली. एवढंच.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना आमची विनंती आहे की विशेषणं सोडा, एक प्रसंग सांगा. पालकांनी शिक्षकांकडे जाताना मुलाने काय काय केलं याची अर्ध्या पानाची टिपणं सोबत न्यावीत. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात आम्हाला सगळं आठवत नाही, हे कबूल करायला हरकत नाही. मात्र कॉलेज परवानगी देत असेल आणि पत्रात खरोखर नवं काही असेल तरच ते पाठवा. आमदारांचं, नगरसेवकांचं किंवा मुलाला कधी न भेटलेल्या डॉक्टरसाहेबांचं पत्र उपयोगाचं नाही.

एसएटी आणि इंग्रजीची परीक्षा

एसएटीची परीक्षा डिसेंबरनंतर थेट मार्चमध्ये असते. मार्चचे गुण बहुतेक ठिकाणी उशिराच पोचतात. त्यामुळे डिफरनंतर एसएटीच्या मागे धावण्यापेक्षा प्रिलिमवर भर द्यावा. डिसेंबरात परीक्षा दिली असेल आणि गुण वाढले असतील तर मात्र ते लगेच पाठवा. एमआयटीने 2022 मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्डने 2024 मध्ये प्रवेशपरीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे केल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांनी त्यानुसार अकरावीतच तयारी करावी.

टोफेल किंवा आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा जानेवारीतही देता येते. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे आधीचे गुण काठावरचे असतील तर ही संधी दवडू नये. कॉलेज नवे गुण घेतं ना, एवढं आधी बघा.

पैशाचा प्रश्न आणि व्याजाचा प्रश्न

यावर घरात मोकळेपणाने बोललं जात नाही आणि नुकसान इथेच होतं. प्रवेशाचा निर्णय घेताना परदेशी विद्यार्थ्याला पैशाची किती गरज आहे हे न बघणारी कॉलेजं मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि अलीकडे ब्राउन ही त्यातली. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाच्या निर्णयावर त्याचा परिणाम होतो.

डिफर झाल्यावर काही पालक म्हणतात, “लिहून टाका, सगळी फी आम्ही भरू, प्रवेश तर मिळू दे, नंतर बघू.” असं अजिबात करू नका. पहिल्या अर्जात मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला बऱ्याच कॉलेजांत नंतर मदत मागताच येत नाही. आणि एफ-1 व्हिसासाठी लागणारा आय-20 हा कागद मिळवताना पैसे कुठून येणार ते दाखवावंच लागतं. जमीन विकून पहिलं वर्ष काढायचं आणि दुसऱ्या वर्षी मुलाला परत बोलवायचं, यापेक्षा वाईट गोष्ट नाही.

पदवीच्या पातळीवर भारतातल्या शिष्यवृत्त्यांवरही फार भिस्त ठेवू नका. परदेशी शिक्षणासाठीच्या नावाजलेल्या बऱ्याच शिष्यवृत्त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. केंद्र सरकारची अल्पसंख्याकांसाठीची ‘पढो परदेश’ ही व्याजसवलत योजना पदव्युत्तर आणि त्यापुढच्या शिक्षणासाठीच होती, आणि तीही 2022-23 पासून बंद झाली. पहिल्या पदवीला मोठी मदत करतं ते बहुधा कॉलेजच.

कर्जाचं व्याज हा आपल्या अनेक घरांत दीनचा प्रश्न आहे. त्यावर फतवा देणं आमचं काम नाही. आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारा. पण ते आत्ता, डिसेंबरात विचारा. एप्रिलमध्ये प्रवेशपत्र हातात आल्यावर विचारलं तर घरात भांडणं होतात. एक माहिती मात्र उपयोगी पडेल: प्रिन्स्टनने 2001 मध्ये आपल्या मदतीतून कर्ज काढून टाकलं आणि त्याजागी परत न करायचं अनुदान दिलं. नंतर आणखी काही श्रीमंत कॉलेजांनी तोच रस्ता धरला. म्हणून यादी बनवताना फी किती हे बघून थांबू नका. मदत किती देतात आणि त्यात कर्जाचा भाग किती, हे बघा.

हे करू नका

कॉलेजात रोज फोन करू नका. पालकांनी मुलाच्या नावाने ईमेल लिहू नका. ‘आतून सेटिंग आहे’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका. खोटं प्रमाणपत्र किंवा कागदावरच असलेली संस्था जोडू नका. प्रवेश झाल्यानंतरही खोटेपणा उघड झाला तर तो रद्द होतो. आणि दुसऱ्याच्या मुलाचं नाव घेऊन ‘त्याचं झालं, आमचं का नाही’ असं कधीही लिहू नका.

बाकीची दारं उघडी ठेवा

डिफरचा सर्वात मोठा धोका असा की मूल त्या एकाच कॉलेजाची वाट बघत बसतं आणि जानेवारीच्या तारखा निघून जातात. डिसेंबरच्या निकालानंतर जेमतेम दोन आठवडे असतात. त्यात रेग्युलरचे अर्ज पूर्ण करायचे आहेत. मदत देणारी लहान कॉलेजं शोधा. त्यांची नावं आपल्याकडे कोणाला माहीत नसतात, पण शिक्षण उत्तम असतं. आखातात नातेवाईक असलेल्या कुटुंबांनी अबू धाबीतलं न्यूयॉर्क विद्यापीठाचं केंद्र आणि दोह्यातल्या एज्युकेशन सिटीतली कार्नेगी मेलन, जॉर्जटाउन, नॉर्थवेस्टर्न यांची केंद्रंही जरूर बघावीत. अर्जाची फी परवडत नसेल तर फीमाफी मागता येते, त्यात लाज नाही.

काही कॉलेजांत जानेवारीत ‘अर्ली डिसिजन टू’ अशी दुसरी बांधून घेणारी फेरी असते. ती चांगली संधी आहे, पण ते कॉलेज किती मदत देईल याचा अंदाज घेतल्याशिवाय सही करू नका. त्यांच्या वेबसाइटवर घरच्या उत्पन्नावरून खर्चाचा अंदाज देणारं साधन असतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ते चालतं का, ते बघून वापरा.

आणि घरचं दार. बारावीची परीक्षा, एमएचटी-सीईटी, जेईई, सीयूईटी यांपैकी जे लागू असेल त्याचा फॉर्म वेळेत भरा. त्याच वर्षी आमच्याकडचा एक मुलगाही डिफर झाला होता. मार्चमध्ये त्याला एका ठिकाणी प्रवेश मिळाला, पण पैसे नाहीत, आणि बाकी सगळीकडून नकार. त्याने सीईटीचा फॉर्म भरला होता म्हणून वर्ष वाया गेलं नाही. आज तो पुण्यात इंजिनिअरिंग करतोय आणि एमएससाठी पुन्हा प्रयत्न करणार आहे. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. अर्जाच्या बाबतीत उंट बांधणं म्हणजे हेच.

घरातलं वातावरण

मुलगा डिफर झाला तर घर म्हणतं, “बघू पुढे.” मुलगी डिफर झाली तर घर म्हणतं, “अल्लाहचीच मर्जी दिसते, आता राहू दे.” हा फरक आम्ही अनेक घरांत पाहिला आहे. कॉलेजाने नकार दिलेला नसतो. नकार आपण देतो, आणि नाव मर्जीचं घेतो. मार्चपर्यंत उत्तर यायचंच आहे, तोवर लग्नाचा विषय काढू नका. तिला ते तीन महिने द्या.

नातेवाईकांना सगळं सांगायची गरज नाही. ‘उत्तर मार्चमध्ये आहे, दुआ करा’ एवढं पुरे. अलीकडच्या वर्षांत बारावीची परीक्षा आणि रमजान एकमेकांना लागून येतात. 2025 मध्ये तर मार्चअखेरचे निकाल रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आले. रोजे, तरावीह, परीक्षा आणि ही वाट बघणं, सगळं एका वेळी. अशा वेळी मुलाला रोज ‘काही कळलं का?’ विचारू नका. जेवण वेळेवर द्या, झोपू द्या.

महिन्यांचा हिशेब

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा: पत्र नीट वाचणं, रेग्युलरचे अर्ज पूर्ण करणं, घरात पैशाचं बोलणं.
जानेवारी: प्रिलिम, शाळेकडून मिड-इयर रिपोर्ट, एक पानी पत्र, परवानगी असेल तर एक नवं शिफारसपत्र.
फेब्रुवारी: कॉलेजाचा एखादा फॉर्म असेल तर तो, सीईटीसारखे इथले फॉर्म, आणि बारावीची परीक्षा.
मार्च: परीक्षा संपवणं आणि सब्र.
एप्रिल: मिळालेल्या मदतीची तुलना करून 1 मेच्या आत निर्णय.

आमच्या त्या मुलीचं काय झालं, असं वाचकांना वाटत असेल. मार्चअखेर पहाटे साडेचारला, घरी सगळे उठलेले असताना, डिफर केलेल्या कॉलेजाचं उत्तर आलं. नकार. पण जानेवारीत दुरुस्त केलेली तीच हकीकत, तीच वही, तेच वाढलेले गुण तिने आणखी सात कॉलेजांना पाठवले होते. त्यातल्या एका लहान कॉलेजाने तिला घेतलं आणि राहण्या-खाण्यासकट बहुतेक खर्च उचलला. अल्हमदुलिल्लाह, ती आता तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. गच्चीवरची वही आता दुसऱ्या मुलींच्या हातात आहे आणि शब्द पाचशेच्या पुढे गेले आहेत.

त्या पहाटे कुवेतहून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आज आम्ही असं देऊ: नाही भाई, नापास नाही. फाइल पुन्हा वाचायची आहे म्हणताहेत. चला, त्यात काय राहून गेलंय ते बघू.